ग्रेहाउंडचं आजारपण आणि निरोप: बेळगाव भागातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, अथणी या पट्ट्यात लांब पायांची, चपळ कुत्री पाळायची हौस जुनी आहे. शेजारच्या बागलकोट जिल्ह्यातलं मुधोळ तर या कुत्र्यांचंच गाव, तिथल्या मुधोळ हाउंडचं २००५ साली टपाल तिकीटही निघालं. अलीकडे ग्रेहाउंड आणि त्याचे क्रॉस घरोघरी दिसतात. शर्यतीत कोण जिंकलं हे सगळ्यांना ठाऊक असतं, पण तेच कुत्रं आठव्या वर्षी लंगडायला लागलं की काय करावं हे सांगणारं कुणी भेटत नाही. खालचे प्रश्न अशाच लोकांचे आहेत. माझं सांगणं थोडक्यात इतकंच, की ग्रेहाउंडचं शरीर इतर कुत्र्यांच्या मापानं मोजू नका.

आमचं कुत्रं निव्वळ ग्रेहाउंड नाही, कारवानी (देशी शिकारी जात) क्रॉस आहे. हे त्याला लागू होतं का?

बरंचसं होतं. पातळ कातडी, अंगावर चरबी जवळपास नाही, खोल छाती, मोठं हृदय या गोष्टी नजरेनं शिकार धरणाऱ्या सगळ्याच कुत्र्यांत कमीअधिक असतात. रक्ताचे आकडे मात्र ग्रेहाउंडचे जसे अभ्यासले गेलेत तसे कारवानी किंवा लांब केसांच्या पश्मीचे नाहीत. म्हणून क्रॉस असेल तर त्याचे स्वतःचे, निरोगी असतानाचे आकडे काढून ठेवणं जास्तच गरजेचं.

बरगड्या दिसतात. गल्लीतले लोक म्हणतात उपाशी ठेवलंय.

गल्लीतल्यांना बोलू द्या. निरोगी ग्रेहाउंडच्या मागच्या दोन-तीन बरगड्या दिसतातच, कंबर आत गेलेली असते. काळजी करायची ती वेगळ्या खुणांची: मांडीचं मांस उतरलं, कमरेची हाडं वर आली, कपाळाच्या दोन्ही बाजूंना खड्डे पडले, तर ते आजारपण समजा. नजरेवर जाऊ नका, महिन्यातून एकदा वजन करा. आडत दुकानातल्या धान्याच्या काट्यावर कुत्रं सहज उभं राहतं. तीस किलोच्या कुत्र्याचं दीड-दोन किलो वजन कारण नसताना उतरलं तर ते फार झालं.

रक्त तपासलं, प्लेटलेट कमी आल्या. डॉक्टर म्हणाले गोचीडताप. खरंच असेल का?

असेलही, नसेलही. सगळ्यात जास्त घोळ या एका प्रश्नात होतो, म्हणून जरा सविस्तर.

इतर जातींत प्लेटलेट साधारण दोन ते पाच लाख धरतात. निरोगी ग्रेहाउंडमध्ये त्या लाख-सव्वा लाख असल्या तरी घाबरायचं नसतं, काहींच्या त्याहूनही खाली असतात. पांढऱ्या पेशीही कमीच असतात. उलट लाल पेशींचं प्रमाण जास्त: इतर कुत्र्यांत पीसीव्ही ३७ ते ५५ च्या आसपास असतो, ग्रेहाउंडमध्ये ५० ते ६५. याचा अर्थ नीट लक्षात घ्या. प्लेटलेट १ लाख १० हजार आल्या म्हणून गोचीडताप ठरत नाही. आणि पीसीव्ही ४० आला, लॅबनं त्यावर 'नॉर्मल' छापलं, तरी तुमच्या ग्रेहाउंडला रक्त कमी पडलेलं असू शकतं. लॅबच्या कागदावरचा 'नॉर्मल' हा सगळ्या जातींच्या सरासरीचा असतो. तालुक्याच्या गावी नमुना माणसांच्या लॅबमध्ये गेला असेल तर तो माणसांचाही असू शकतो.

त्यात भर म्हणजे कुत्र्याच्या प्लेटलेट नळीतच एकमेकींना चिकटतात आणि यंत्र त्यांना कमी मोजतं. म्हणून काचपट्टीवर रक्ताचा थर (स्मिअर) घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली बघायला सांगा. गोचीडताप आणणारा जंतू एर्लिकिया की बबेसिया हे कळायलाही स्मिअर, जमलं तर पीसीआर. फरक का करायचा? एर्लिकियाला डॉक्सिसायक्लिन चालतं आणि ते साधारण २८ दिवस द्यावं लागतं, चार दिवसांत तरतरी आली म्हणून थांबवायचं नसतं. बबेसिया नुसत्या डॉक्सिसायक्लिननं जात नाही, त्याची औषधं निराळी.

ताप, खाणं बंद, हिरड्या पांढुरक्या, पोटाच्या कातडीवर लाल-जांभळे ठिपके, नाकातून रक्त, लघवी गडद चहासारखी, यांतलं काही असेल तर मग आकड्यांची चर्चा नंतर. त्याच दिवशी दवाखाना.

आणखी कुठले आकडे फसवतात?

थायरॉइडचा टी-४. ग्रेहाउंडमध्ये तो निरोगी असतानाही कमी येतो. फक्त तेवढ्यावर आयुष्यभराची गोळी सुरू करू नका. क्रिएटिनिनचं उलट आहे, ते थोडं जास्त असतं, कारण अंगावर मांस जास्त. मूत्रपिंड गेलं असं ठरवण्याआधी लघवीची तपासणी आणि युरिया बघावा. हृदयाला हलकी कुरकुर ऐकू येणं हेही या जातीत बरेचदा निर्धोक असतं.

निरोगी असताना नेमकं काय लिहून ठेवायचं?

वजन, बसलेलं असतानाची नाडी, गुदद्वारातलं तापमान (१०१ ते १०२.५ फॅरनहाइट ठीक), हिरड्यांचा रंग, आणि वर्षातून एकदा रक्ताचा पूर्ण रिपोर्ट. पाच वर्षांनंतर छातीचा एक एक्स-रेसुद्धा. सगळे कागद एका फाइलीत घाला आणि मोबाइलमध्ये फोटो काढून ठेवा. चिकोडीहून कोल्हापूरला किंवा शिरवळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात न्यायची वेळ आली तर नव्या डॉक्टरला तुमच्या तोंडी वर्णनापेक्षा त्या फाइलीचा उपयोग जास्त.

गोचिड्या कमी होत नाहीत. म्हशींना मारतो ते औषध पाण्यात घालून अंघोळ घातली तर?

नको. ग्रेहाउंडची कातडी पातळ, चरबी कमी, आणि काही औषधं त्याच्या यकृतातून हळू बाहेर पडतात. जनावरांसाठीचं गोचीडनाशक अंदाजानं पाण्यात कालवलं की थरथर, लाळ, झटके येतात. पिकावरच्या फवारणीच्या औषधाचं तर नावही काढू नका. कुत्र्यासाठीच्याच गोळ्या मिळतात: फ्लुरालॅनर सुमारे १२ आठवडे पुरतं, अफोक्सोलॅनर महिनाभर. झटके येण्याचा इतिहास असेल तर देण्याआधी डॉक्टरांना सांगा.

कुत्र्यावरच्या गोचिडी काढल्या म्हणजे काम संपलं असंही नाही. तपकिरी गोचीड अंडी घालते ती भिंतीच्या फटीत, खाटेच्या सांध्यात, गोठ्याच्या दगडांत. आपल्याकडे जांभ्या दगडाच्या जुन्या घरांत तिला हवी तितकी भोकं मिळतात. फटी लिंपा, अंथरूण उकळत्या पाण्यात धुवा.

अथणीचा उन्हाळा त्याला झेपेल का?

सकाळी सातच्या आत आणि सूर्य बुडाल्यावर फिरवलंत तर झेपेल. बेळगाव शहराची हवा उंचीमुळे सौम्य आहे, पण अथणी-रायबागकडे पारा चाळिशी गाठतो. बळकट कुत्रं आहे म्हणून दुपारी माळावर पळवणारे लोक आहेत. पळताना ग्रेहाउंडच्या अंगाचं तापमान तसंही झपाट्यानं वाढतं. धाप थांबेना, जीभ लालभडक, चाल लडबडली, तर सावलीत न्या, साधं गार पाणी पोटावर आणि मांड्यांत ओता, पंखा लावा आणि गाडी काढा. बर्फ लावू नका, ओलं गोणपाट अंगावर पांघरून ठेवू नका, त्यानं उष्णता आत कोंडते. तापमान १०३ पर्यंत उतरलं की पाणी ओतणं थांबवा, नाहीतर ते फार खाली जातं. १०६ च्या वर गेलं असेल तर वरवर सावरलेलं दिसलं तरी दवाखाना टाळू नका. मूत्रपिंड आणि रक्त गोठण्याचा त्रास दुसऱ्या दिवशी उमटतो.

आणि खानापूरचा पाऊस?

पावसाळ्यात लेप्टोस्पायरोसिसची भीती. उंदराच्या मुतानं दूषित झालेल्या चिखलातून, भाताच्या खाचरातून तो जंतू येतो, आणि माणसालाही होतो. लस दरवर्षी लागते. थंडीत या कुत्र्याला रात्री अंगात काहीतरी घाला. जुनं स्वेटर चालतं, हसणारे हसोत.

जेवल्यावर पोट फुगलं, ओकायला करतंय पण काही पडत नाही.

वाचत बसू नका, निघा. जठराला पीळ पडलेला असू शकतो. खोल छातीच्या कुत्र्यांत हे होतं आणि काही तासांत जीव जातो. सोडा, ओवा, तेल पाजण्यात वेळ घालवू नका. निघताना दवाखान्यात फोन करून शस्त्रक्रियेची सोय आहे का विचारा, नसेल तर थेट पुढच्या ठिकाणी. पशुसंवर्धन खात्याच्या फिरत्या दवाखान्यासाठी १९६२ हा क्रमांक आहे, पण पीळ उलगडायला शस्त्रक्रियेचं टेबल लागतं, तेव्हा गाडीची वाट बघत थांबू नका. एरवी दिवसाचं जेवण दोन वेळांत वाटून द्या आणि जेवल्यावर तासभर पळवू नका.

घरात काय लपवून ठेवावं?

द्राक्षं आणि बेदाणे. अथणी भागात शेडवर बेदाणा पसरलेला असतो, आणि कुत्र्याच्या मूत्रपिंडाला तो घातक ठरू शकतो, किती खाल्ल्यावर ते प्रत्येकाचं वेगळं. बेदाणे घातलेला करदंटही (सुक्या मेव्याची मिठाई) त्याला देऊ नका. निपाणीकडच्या लोकांनी तंबाखू: निकोटिननं कुत्रं मरतं, वखारीत आणि शेतात मोकळं सोडू नका. कांदा, चॉकलेट, साखरेऐवजी झायलिटॉल घातलेल्या गोळ्या. उंदराचं औषध.

आणि घरातली वेदनाशामकं. कॉम्बिफ्लॅम, आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक यांनी पोटात रक्तस्राव होतो, मूत्रपिंड जातं. पॅरासिटामॉलही आपल्या मनानं नाही. (जनावरांसाठी डायक्लोफेनॅकवर देशात २००६ पासून बंदी आहे, ती गिधाडांसाठी. मेलेल्या जनावराच्या मांसातून ते गिधाडांच्या पोटात जायचं.)

उसात साप चावला तर?

चालवू नका, उचलून न्या. दोरी बांधायची नाही, चिरा द्यायचा नाही, मिरची खायला घालायची नाही. नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चौघांवर एकच प्रतिविष चालतं. ते कुठल्या दवाखान्यात ठेवलेलं असतं हे आधीच विचारून ठेवा.

ऑपरेशनला नेताना डॉक्टरांना काय सांगावं?

दोन गोष्टी, आणि त्या कागदावर लिहून द्या. एक, थायोपेन्टोन हे भुलीचं औषध नको. ग्रेहाउंडच्या यकृताला ते सावकाश फोडता येतं, आणि साठवायला चरबी नसल्यानं कुत्रं कितीतरी तास शुद्धीवर येत नाही. दुसऱ्या पद्धती आहेत, डॉक्टरांना त्या माहीत असतात. फक्त आठवण करून द्यायची.

दोन, उशिरा होणारा रक्तस्राव. काही ग्रेहाउंडमध्ये शस्त्रक्रिया छान पार पडते, टाके कोरडे दिसतात, आणि दीड-दोन दिवसांनी जखमेभोवती जांभळं पसरून रक्त पाझरायला लागतं. रक्ताची गुठळी धरते, पण लवकर विरघळते. मोठी शस्त्रक्रिया असेल तर गुठळी टिकवणारं औषध, जसं ट्रॅनेक्सॅमिक अ‍ॅसिड, आधीपासून द्यायचं का ते विचारा. घरी आणल्यावर तीन-चार दिवस रोज जखम बघा, दाढेजवळची हिरडी बघा.

कातडीविषयी जाता जाता: काटेरी तारेनं, उसाच्या पातीनं ही कातडी ओल्या कागदासारखी फाटते. हळद भरून बांधू नका. मिठाच्या पाण्यानं धुवा, स्वच्छ कापड दाबा आणि टाके घालून आणा.

पुढच्या पायानं लंगडतंय. मुरगळलं असेल म्हणून मालिश करतोय.

मालिश थांबवा. तरुण कुत्रं पळताना लंगडलं आणि चार-पाच दिवसांच्या विश्रांतीनं सुधारलं, तर मुरगळलं असं म्हणता येईल. पण ग्रेहाउंड सहा-सातच्या पुढचं आहे, लंगडणं येतं-जातं पण पुरतं जात नाही, पायावर कडक सूज आहे, तर पहिला संशय हाडाच्या कर्करोगाचा. ऑस्टिओसार्कोमा. ही जात त्याच्या तावडीत इतरांपेक्षा फार सापडते. ठराविक जागा आहेत: पुढच्या पायाला मनगटाच्या वर किंवा खांद्याजवळ, मागच्या पायाला गुडघ्याच्या आजूबाजूला.

हाड बसवणाऱ्याकडे नेऊ नका. कर्करोगानं पोखरलेलं हाड ओढाताणीत मोडतं, आणि मोडलेलं ते पुन्हा जुळत नाही. एक्स-रे दोन बाजूंनी काढा. बेळगाव शहरात तो निघतो. हाडावर पोखरल्यासारखे डाग दिसले तर छातीचाही एक्स-रे करायचा, कारण हा रोग फुफ्फुसात जातो. छाती स्वच्छ दिसली तरी फसू नये. निदान होईपर्यंत दहातल्या नऊ कुत्र्यांत रोगाच्या सूक्ष्म पेशी पुढे गेलेल्या असतात, त्या एक्स-रेत दिसत नाहीत.

मग पाय काढण्यात अर्थ काय?

दुखणं थांबतं, हा अर्थ. या रोगाचं दुखणं भयानक असतं आणि गोळ्यांनी ते पुरतं आवरत नाही. पाय काढला की दुखण्याचं मूळच जातं. ग्रेहाउंड तीन पायांवर चांगलं चालतं, बरीच कुत्री आठ-दहा दिवसांत अंगणात फिरू लागतात. आरशात बघून त्याला वाईट वाटत नाही, वाईट आपल्यालाच वाटतं.

आयुष्याचा हिशेब मात्र सरळ ऐका. नुसता पाय काढला तर सर्वसाधारणपणे चार-पाच महिने. पाय काढून कार्बोप्लॅटिनसारखी केमोथेरपी दिली तर दहा महिने ते वर्ष. शस्त्रक्रिया न करता फक्त दुखण्यावरचं औषध दिलं तर एक ते तीन महिने. ही मधली संख्या आहे, काहींना जास्त मिळतात, काहींना कमी.

केमोसाठी शिरवळ, मुंबई किंवा बेंगळुरूच्या महाविद्यालयांपर्यंत जावं लागेल, दर तीन आठवड्यांनी. घरात आधीच माणसाचं आजारपण चालू आहे, ऊसबिल अडकलंय, गाडी भाड्यानं करावी लागते, अशा घरानं केमो नाकारली तर मी त्यांना दोष देणार नाही. आधीच दुसरे सांधे गेलेल्या कुत्र्याचा पाय काढायलाही मी सांगणार नाही. पण पायही काढायचा नाही, वेदनारहित मरणाचं इंजेक्शनही द्यायचं नाही आणि 'बघू' म्हणत कुत्र्याला कोपऱ्यात पडू द्यायचं, हा पर्याय मी मानत नाही.

घरी दुखणं कसं सांभाळायचं?

कुत्रं ओरडत नाही म्हणजे दुखत नाही असं नाही. ग्रेहाउंड तर एरवी नखाला लागलं तरी गल्ली डोक्यावर घेतं आणि खरं दुखायला लागलं की गप्प होतं. रात्री जागा बदलत राहणं, बसल्या जागी धापा, एकच पाय चाटणं, हात लावला की मान वळवणं, या खुणा.

डॉक्टर बहुधा कुत्र्याला चालणारं मेलॉक्सिकॅमसारखं औषध देतील, त्याच्या जोडीला गॅबापेन्टिन. मेलॉक्सिकॅम पोटात काही असतानाच द्यायचं, काळी शौच दिसली की थांबवून फोन करायचा. त्याच्यासोबत स्टेरॉइड कधीच नाही, एकाच वेळी दोन डॉक्टरांकडे जाणाऱ्यांनी हे आवर्जून तपासावं. फरशीवर गोणपाट किंवा जुनी सतरंजी अंथरा म्हणजे पाय घसरत नाहीत. या कुत्र्याच्या कोपरांवर आणि कमरेवर मांस नसतं, पडून राहिलं की लगेच जखमा होतात. गादी जाड हवी आणि दर चार तासांनी कूस बदलायला हवी. खायला कोमट भात-चिकन, अंडं, ताक. पाणी तोंडाशी न्या.

गणपती विसर्जन आणि शिवजयंतीच्या मिरवणुकीचे दिवस आजारी कुत्र्याला जड जातात. शक्य असेल तर त्या रात्री शेतावर हलवा.

वेळ आली हे कसं ओळखायचं?

कालनिर्णयवर रोज रात्री एक खूण करा: आज दिवस चांगला की वाईट. चांगला म्हणजे स्वतःहून खाल्लं, उठून लघवीला गेलं, झोप लागली, आणि त्याला जे आवडायचं त्यातलं एक तरी केलं. दाराशी येणं असेल, उन्हाला पडणं असेल. घरात एकानंच खूण करावी, नाहीतर दोघांची दोन मतं होतात. आठवड्यात वाईट दिवस जास्त झाले की डॉक्टरांशी बोला. श्वासाला त्रास व्हायला लागला, हाड मोडलं, तर खुणा मोजत बसायचं नाही.

'आपणहून जाईल' याची वाट बघणाऱ्यांना एक सांगतो. हाडाच्या कर्करोगात झोपेत शांतपणे जाणं क्वचित होतं.

इंजेक्शन देणं कायद्यात बसतं का? त्यात नेमकं काय करतात?

बरं न होणाऱ्या, वेदनेतल्या प्राण्याला पशुवैद्यानं मालकाच्या संमतीनं वेदनारहित मरण देणं कायद्याला मान्य आहे. ते पशुवैद्यानंच द्यायचं, दुसऱ्या कुणी नाही.

आधी गुंगीचं इंजेक्शन स्नायूत देतात. ते आग्रहानं मागा, कारण काही ठिकाणी घाईत ते वगळलं जातं. दहा-पंधरा मिनिटांत कुत्रं गाढ झोपतं. मग शिरेत भुलीच्या औषधाचा मोठा डोस. श्वास थांबतो, मग हृदय. डॉक्टर स्टेथोस्कोप लावून खात्री करतात. डोळे उघडे राहतात, लघवी होऊ शकते, एखादा मोठा श्वास किंवा स्नायूंची थरथर नंतरही दिसते. त्याला काही कळत नसतं, पण माहीत नसलं तर बघणारा हादरतो. बरेच डॉक्टर घरी येतात. सकाळची वेळ ठरवा, आदल्या रात्री त्याच्या आवडीचं खायला घाला.

घरात म्हणतात पाप लागेल. आई तयार नाही.

आपल्या भागात जैन, लिंगायत, वारकरी घरं भरपूर आहेत आणि जीव घेण्याचा विचार त्यांना पेलत नाही. वाद घालून आईला हरवू नका, पुढं वर्षानुवर्षं ते घरात राहतं. डॉक्टरांनाच आईसमोर रोग समजावून सांगू द्या. तरीही नको असेल तर मग शेवटपर्यंतची सेवा खरीखुरी करावी लागते: वेळेवर वेदनाशामक, रात्री उठून कूस बदलणं, रोज पुसून काढणं, आणि श्वास कोंडायला लागला तर मध्यरात्रीही डॉक्टरला बोलावायची तयारी. हे सगळं कोण करणार हे त्याच बैठकीत ठरवा. बहुतेक घरांत नकार देणारा वेगळा असतो आणि रात्री उठणारा वेगळा.

पुरायचं कुठं?

स्वतःच्या शिवारात, विहीर, बोअर आणि ओढ्यापासून लांब, चार-पाच फूट खोल. खोली महत्त्वाची, कारण इंजेक्शनचं औषध मांसात राहतं आणि उकरून खाणारी कुत्री-कोल्ही त्यानं मरतात. खानापूरकडे जांभा लागला की खड्डा हातानं होत नाही, पहार आणि दोन माणसं आधीच सांगून ठेवा. पावसाळ्यात खाली पाणी लागतं, उंचवट्याची जागा निवडा. सुती कापडात गुंडाळा, प्लॅस्टिक नको. वर मोठे दगड रचा. पट्टा काढून घ्यायचा की बरोबर ठेवायचा ते तुमचं. शहरात भाड्यानं राहणाऱ्यांनी महापालिकेच्या आरोग्य विभागात विचारावं, किंवा गावाकडच्या कुणाची जागा मागावी. माळावर टाकून येऊ नका.

पिसाळल्यासारखं वागून मेलं तर?

तर वरचं सगळं बाजूला. वागणं बदललं, लाळ, गिळता येईना, मागचे पाय लुळे पडले आणि काही दिवसांत मेलं, तर रेबीज समजूनच चाला. उघड्या हातानं शव उचलू नका, सरकारी पशू दवाखान्याला कळवा. ज्यांना चावलं, ओरखडलं किंवा जखमेला, डोळ्याला, तोंडाला लाळ लागली त्यांनी ती जागा साबणानं १५ मिनिटं धुवावी आणि त्याच दिवशी दवाखान्यात लस सुरू करावी. लक्षणं दिसल्यावर माणसाला वाचवणारा इलाज नाही.

मुलांना काय सांगावं?

मेलं असं सांगा. 'शेतावर सोडलं' म्हणालात तर मूल पुढच्या रविवारी शेतावर शोधायला जातं. 'झोपवलं' म्हणालात तर रात्री झोपायला घाबरतं. मातीला यायचं म्हणालं तर येऊ द्या.

दुसरं कुत्रं जेवत नाही.

दोन-चार दिवस शोधतं, दाराशी बसतं, कमी खातं. शव त्याला हुंगू दिलं तर काही कुत्र्यांची शोधाशोध कमी होते. पण दोन दिवस अजिबात खाल्लं नाही तर दुःख समजून थांबू नका, ताप बघा. दोघं एकाच अंगणात, एकाच गोचिडींत वाढलेली असतात.

सुतक पाळायचं का?

लोक विचारतात, बिचकत विचारतात. कुणी सक्ती केलेली नाही. मंगसुळीच्या खंडोबाला जाणाऱ्या घरांत कुत्र्याला देवाच्या जोडीचं स्थान आहेच. ती माणसं भंडारा उधळून माती देतात आणि कुणाला विचारत नाहीत. दिवा लावावासा वाटला तर लावा. 'कुत्रंच होतं की' म्हणणाऱ्याला उत्तर द्यायची गरज नाही.

नवीन कधी आणावं?

पहिलं कशानं गेलं त्यावर आहे. पार्व्होनं (रक्ती हगवणीच्या साथीनं) गेलं असेल तर जंतू मातीत महिनोन्महिने, कधी वर्षभर टिकतो. फरशी ब्लीचच्या पाण्यानं (तीस भाग पाण्याला एक भाग ब्लीच) धुवा आणि लस पूर्ण न झालेलं पिल्लू त्या अंगणात आणू नका. गोचीडतापानं गेलं असेल तर आधी घरातल्या गोचिडी संपवा. कर्करोगानं गेलं असेल तर शरीराच्या बाजूनं काहीच अडचण नाही, मनाचं तुम्ही बघा.

शर्यतीतून काढलेलं प्रौढ कुत्रं घ्यायचा विचार जरूर करा. पायाची जुनी दुखापत, दात आणि गोचीडताप एवढं तपासून घ्या. मानेचा पट्टा रुंद आणि ओढल्यावर आवळणारा घ्या, ग्रेहाउंडचं डोकं मानेपेक्षा बारीक असतं, साध्या पट्ट्यातून ते मागे सरकून निसटतं.

उरलेली औषधं आणि रिपोर्ट काय करू?

सीलबंद औषधं डॉक्टरांना परत द्या, गरजू कुत्र्याला लागतात. फोडलेली पाकिटं दुसऱ्या कुत्र्यासाठी जपून ठेवू नका, संडासात किंवा ओढ्यातही टाकू नका. रिपोर्ट मात्र टाकायचे नाहीत. हाडाचा कर्करोग असेल तर ज्यांच्याकडून पिल्लू घेतलं त्यांना आणि त्याची भावंडं ज्यांच्याकडे गेली त्यांना कळवा. रोग घराण्यात चालतो. त्यांच्यापैकी कुणाचं कुत्रं लंगडायला लागलं तर मालिश करत महिना घालवण्याऐवजी ते पहिल्याच आठवड्यात एक्स-रे काढतील. आणि त्या जोडीची पुढची पिल्लं घ्यायची की नाही हे गिऱ्हाइकाला ठरवता येईल. ब्रीडरला हे ऐकायला आवडत नाही. तरी सांगा.